स्टोरेजमधली मोटरहोम कशी सांभाळायची: यार्ड निवडण्यापासून पोलिसांत तक्रार करण्यापर्यंत

मार्चमधल्या शेवटच्या शनिवारी आम्ही आमची मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, आणायला स्टोरेज यार्डात (पैसे भरून गाडी उभी ठेवायच्या आवारात) गेलो. ईस्टरला वेल्सला जायचं ठरलं होतं. आमच्या जागेवर चाकांखाली ठेवायचे दोन पिवळे लेव्हलिंग रॅम्प पडले होते आणि गाडी नव्हती. चाकांच्या ओझ्याने खडीत जे खळगे झाले होते त्यांत पावसाचं पाणी साचलं होतं, आणि त्या पाण्यावर हिरवं शेवाळ धरलं होतं. नवरा वाकून ते शेवाळ बघत राहिला. गाडी काल-परवा गेलेली नाही, हे आम्हाला त्यावरूनच कळलं.

पोलिसांचा पहिला प्रश्न होता, "गाडी शेवटची कधी पाहिलीत?" जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, लग्नासाठी पुण्याला निघण्याआधी. परत आल्यावर थंडी, मुलांच्या शाळा, ऑफिस. यार्डाकडे फिरकलोच नाही. म्हणजे त्या अकरा आठवड्यांत चोरी केव्हाही झालेली असू शकत होती. यार्डाचं सीसीटीव्ही रेकॉर्डिंग तीस दिवसांनी आपोआप पुसलं जात होतं. गेट कोणी कधी उघडलं याची नोंद नव्हती, कारण सगळ्या ग्राहकांचा कोड एकच होता. तपासाला धरायला धागाच उरला नव्हता. आतल्या कपाटाच्या दारावर पेन्सिलने केलेल्या मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या, त्याही गेल्या.

ब्रिटनमध्ये मोटरहोम असलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहिते आहे. नव्या वसाहतींमध्ये घरासमोर मोटरहोम उभी करायला अनेकदा घराच्या करारातच मनाई असते, त्यामुळे आपल्यापैकी बरेच जण गाडी यार्डात ठेवतात आणि महिनोन्‌महिने तिचं तोंड बघत नाहीत. कुलपं लावायला हवीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण चोरी झालीच, तर ती किती तासांत आपल्या कानावर येईल, हा प्रश्न कोणी स्वतःला विचारत नाही. आम्हीही विचारला नव्हता. खाली जे लिहिलं आहे ते मुख्यतः त्या प्रश्नाभोवती आहे.

गाडी जाते कशी

युरोपात बनणाऱ्या बहुसंख्य मोटरहोम फियाट ड्युकाटोच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन रिले या तिच्याच सख्ख्या बहिणी. त्यामुळे चोराला एकदा एक पद्धत जमली की हजारो गाड्या त्याच पद्धतीने उघडतात. ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप फोडायचं, डॅशबोर्डखालच्या डायग्नोस्टिक सॉकेटला यंत्र जोडून कोरी किल्ली गाडीला ओळखायला लावायची, की इंजिन सुरू. काही टोळ्या बॉनेट उघडून इंजिनचा कॉम्प्युटरच बदलतात आणि स्वतःबरोबर आणलेला, आधीच जुळवलेला बसवतात. काच फुटत नाही, फारसा आवाजही होत नाही.

पुढची चाल लक्षात ठेवा, शेवटी ती कामाला येणार आहे. चोरलेली गाडी बहुतेकदा लगेच लांब नेत नाहीत. नंबर प्लेट बदलून एखाद्या शांत रस्त्यावर किंवा औद्योगिक वसाहतीत दोन-चार दिवस सोडून देतात. गाडीत ट्रॅकर (गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र) असेल तर पोलीस येतील, आणि नाही आले तर गाडी 'स्वच्छ' आहे असा चोरांचा हिशोब. मग ती दुसऱ्याच गाडीच्या ओळखीवर विकली जाते, सुटे भाग होऊन जाते किंवा परदेशी पाठवली जाते.

यार्ड बघायला जाल तेव्हा

सुरुवात कॅसोआच्या यादीपासून करा. कॅरॅव्हॅन स्टोरेज साइट ओनर्स असोसिएशन ही यार्डमालकांची संघटना कुंपण, गेट, कॅमेरे वगैरे तपासून यार्डाला गोल्ड, सिल्व्हर किंवा ब्राँझ दर्जा देते. काही इन्शुरन्स कंपन्या या दर्जावर प्रीमियममध्ये सूट देतात, तर काही महागड्या गाड्यांसाठी अशा यार्डाची अटच घालतात. यार्डाच्या पाटीवर दिसणारा दर्जा आजही लागू आहे का, हे संघटनेच्या वेबसाइटवर जरूर पाहा. पाटी उतरवायची राहून गेलेली असू शकते.

दर्जा बघून झाला की स्वतः फिरा. माझा आग्रह आहे की दोनदा जा, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर.

पहिली गोष्ट गेट. प्रत्येकाला वेगळा कोड किंवा फॉब (इलेक्ट्रॉनिक किल्ली) आहे का, आणि त्याची नोंद राहते का, हे विचारा. जागा सोडून गेलेल्या ग्राहकाचा कोड त्याच दिवशी बंद होतो का, हेही विचारा. आमच्या यार्डात तो कधीच बदलला जात नव्हता, म्हणजे मागच्या कित्येक वर्षांत तिथे गाडी ठेवलेल्या प्रत्येकाला आत येता येत होतं.

आता एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. बऱ्याच ऑटोमॅटिक गेटना आतल्या बाजूने जमिनीत एक तारेचा वेढा पुरलेला असतो. गाडी त्याच्यावर आली की गेट आपसूक उघडतं, बाहेर जाताना कोड लागतच नाही. म्हणजे चोराला फक्त पायी कुंपण ओलांडून आत यायचं आहे, बाहेर जायला गेट स्वतःच वाट करून देतं. यार्ड बघून निघताना मुद्दाम थांबा आणि गेट काय करतं ते पाहा. बाहेर पडतानाही फॉब किंवा कोड लागणारं यार्ड मिळालं तर महिन्याला चार पौंड जास्त मोजायला हरकत नाही.

गेट शेतावरच्या पद्धतीचं असेल तर बिजागऱ्या बघा. वरच्या आणि खालच्या दोन्ही बिजागऱ्यांच्या खुंट्या वर तोंड करून असतील, तर दोन माणसं ते गेट उचलून बाजूला ठेवतात, कुलूप जसंच्या तसं. वरची खुंटी उलटी, खाली तोंड करून बसवली की गेट उचलता येत नाही. इतकी साधी गोष्ट, पण मालकाने तिच्याकडे लक्ष दिलं असेल तर बाकीकडेही दिलं असण्याची शक्यता वाढते.

मग कुंपणाच्या कडेने पूर्ण चक्कर मारा. पुढून लोखंडी कुंपण आणि मागे नुसतं झाडाझुडपांचं कुंपण, असं फार ठिकाणी दिसतं. मागे शेत असेल आणि शेतातून रस्त्यावर जायला वाट असेल, तर तारा तोडून गाडी शेतातून नेता येते. मागच्या बाजूला खोल चर किंवा मातीचा उंच बांध असेल तर ते कुंपणापेक्षा भारी. माणूस चढून येईल, पण साडेतीन टनांची गाडी बांध ओलांडणार नाही.

कॅमेऱ्यांबद्दल "सीसीटीव्ही आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. रात्री हालचाल झाली तर कोणाला सूचना जाते, तो माणूस किती वेळात पोचतो, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, हे विचारा. गेटवरच्या कॅमेऱ्याचं रात्रीचं चित्र दाखवायला सांगा. हेडलाइटच्या झोतात नंबर प्लेट नुसता पांढरा चौकोन दिसत असेल तर तो कॅमेरा नसल्यातच जमा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रोज कोणी माणूस रांगांमधून फिरतो का? जागेचा नंबर बघून गाडी आहे की नाही याची खूण करतो का? ती वही दाखवायला सांगा. बरीच यार्ड शेतकऱ्यांनी जोडधंदा म्हणून काढलेली असतात, घर तिथेच, कुत्री तिथेच. असा मालक रोज सकाळी एक चक्कर मारत असेल, तर चकचकीत पाटीच्या बिनमाणसाच्या यार्डापेक्षा मी त्याच्याकडे गाडी ठेवीन. चोरी झालीच तर दुसऱ्या दिवशी सकाळी कळेल.

जागा आणि कुलपं

गेटजवळची जागा सोयीची वाटते, पण चोरालाही तीच सोयीची. आतली, मालकाच्या घराच्या खिडकीतून दिसणारी जागा मागा. ड्युकाटोची पुढची चाकं ओढतात, त्यामुळे गाडीचं नाक भिंतीकडे किंवा बांधाकडे करून उभी करा. पुढची चाकं उचलून ओढून न्यायला मग जागा उरत नाही. चाकं पूर्ण वळवून ठेवा. आगीच्या भीतीने यार्ड दोन गाड्यांमध्ये अंतर ठेवायला सांगतात, ते मात्र पाळा.

कुलूप घेताना त्यावर सोल्ड सिक्योरचा शिक्का बघा. ही संस्था कुलपं प्रत्यक्ष फोडून बघून दर्जा देते. स्टिअरिंगला आडव्या दांड्याचं कुलूप लावलं तर चोर स्टिअरिंगचं कडं करवतीने कापून दांडा काढून घेतात. म्हणून पूर्ण स्टिअरिंग झाकणारं, थाळीसारखं कुलूप घ्या. जड असतं, ठेवायला जागा खातं, तरी घ्या. चाकाला क्लॅम्प लावाच. रोज वापरायच्या गाडीला तो कटकटीचा वाटतो, पण महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याच्याइतका स्वस्त आणि ठळक पहारेकरी नाही.

केबिनच्या दोन दारांसाठी वेगळी डेडलॉक मिळतात, ती चांगल्या माणसाकडून बसवून घ्या. राहत्या भागाच्या दाराचं मूळ कुलूप फारच नाजूक असतं, तिथे बाहेरून दिसणारं जादा कुलूप लावा. एक सूचना मनापासून: आत झोपलेलं असताना बाहेरून किंवा किल्लीनेच उघडणारी कुलपं कधीही लावू नका. आग लागली तर मुलांना घेऊन काही सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे.

गाडीच्या टपावर रजिस्ट्रेशन नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवा. हेलिकॉप्टरमधून तो वाचता येतो, आणि चोर पुढची-मागची प्लेट बदलतो तेव्हा टपाकडे सहसा बघत नाही.

इमोबिलायझर, ट्रॅकर आणि बॅटरी

गाडीचा मूळ इमोबिलायझर, म्हणजे किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र, चकवता येतो म्हणून पिन दाबल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ न देणारा जादा इमोबिलायझर बसवून घ्या. डायग्नोस्टिक सॉकेटवर कुलूप मिळतं, इंजिनच्या कॉम्प्युटरवर पोलादी आवरण मिळतं. दोन्हींचा मिळून खर्च एका लांब वीकेंडच्या साइटभाड्याच्या आसपास जातो.

ट्रॅकर घेताना थॅचमचा (गाड्यांची सुरक्षा-साधनं तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेचा) दर्जा विचारा. २०१९ पासून एस५ आणि एस७ असे दोन वर्ग आहेत. एस७ मध्ये चावीशिवाय गाडी हलली की कंट्रोल रूमला कळतं. एस५ मध्ये त्याबरोबर ड्रायव्हरची ओळख पटवणारा एक टॅग तुमच्या खिशात असतो. मूळ किल्लीने किंवा तिच्या नकलेने गाडी नेली आणि टॅग बरोबर नसेल, तरीही इशारा जातो. किल्लीची नक्कल हीच पद्धत असताना एस५ चे जादा पैसे सार्थकी लागतात. वर्गणी संपू देऊ नका. ट्रॅकर असल्याचं इन्शुरन्सला सांगितलं आणि चोरीच्या दिवशी वर्गणी थकलेली निघाली, तर क्लेम अडतो.

स्वस्तातला ब्लूटूथ टॅग दुसरा पहारेकरी म्हणून ठेवायला हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबू नका. आजूबाजूला फोन असतील तरच तो बोलतो, आणि काही वेळाने चोराच्या फोनवरही सूचना देतो की एक अनोळखी टॅग तुमच्याबरोबर फिरतो आहे.

आता बॅटरी. इथे बरेच जण फसतात. अलार्म आणि ट्रॅकर दोन्ही इंजिनच्या बॅटरीवर चालतात आणि काही आठवड्यांत ती रिकामी करतात. टपावरचं सोलर पॅनल बहुतेक गाड्यांत फक्त घरवापराच्या बॅटरीला जोडलेलं असतं. म्हणजे पंखा-दिव्याची बॅटरी भरलेली, आणि पहारा देणारी मेलेली. इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही बॅटऱ्यांना सोलरची जोडणी करून घ्या. डिसेंबर-जानेवारीत इथलं ऊन जेमतेम असतं, तेव्हा अधूनमधून यार्डात जाऊन चार्ज करा. हिवाळी कव्हर पूर्ण गाडीवर चढवलंत तर पॅनल झाकलं जातं हेही लक्षात घ्या. बॅटरी कमी झाली की फोनवर इशारा देणारे ट्रॅकर आहेत, तसाच घ्या.

फेऱ्या आणि भारतवारी

आता आम्ही यार्डातल्या आमच्या रांगेतल्या पाच गाड्यांच्या मालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला आहे. दर रविवारी एकाची पाळी. ज्याची पाळी तो रांगेतून चालत जातो, पाचही गाड्यांचे फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. वीस मिनिटांचं काम. फोटोवर तारीख असते, म्हणजे चोरी झालीच तर "अकरा आठवड्यांत केव्हातरी" ऐवजी "या रविवार ते त्या रविवार" एवढंच शोधायचं, आणि सीसीटीव्ही अजून शिल्लक असतं.

भारतात जाताना मात्र आपण सगळे एकाच वेळी गायब होतो. डिसेंबर-जानेवारीत लग्नं, उन्हाळी सुट्टीत मुलांना आजी-आजोबांकडे. निघण्याआधी ट्रॅकर कंपनीला इथल्या मित्राचा नंबर दुसरा संपर्क म्हणून द्या. तिकडे पोचल्यावर आपण ब्रिटिश सिम काढून ठेवतो आणि कंट्रोल रूमचा फोन वाजतच नाही. वेळेतही हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक असतो. १०१ हा पोलिसांचा साधा नंबर भारतातून लागत नाही, त्यामुळे तक्रार नोंदवायला इथला माणूस किंवा पोलिसांची वेबसाइट हाताशी हवी. गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि पॉलिसीची प्रत त्या मित्राकडे ठेवा. विमानतळावरचे फोटो परत आल्यावर टाकले तरी चालतात.

कागदपत्रं

लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद), सर्व्हिसची बिलं, दुसरी किल्ली, घराचा पत्ता असलेलं काहीही गाडीत ठेवू नका. सॅटनॅवमधलं 'घर' पुसा. क्लेमच्या वेळी इन्शुरन्स कंपनी सगळ्या किल्ल्या मागते. एक गाडीतच राहिली होती असं निघालं तर पैसे मिळणं कठीण होतं.

चेसिस नंबरचे फोटो काढा. मोटरहोमला अनेकदा दोन बनवणारे असतात, सांगाड्याचा एक आणि घर बांधणाऱ्याचा दुसरा, म्हणून दोघांच्याही पट्ट्या शोधून टिपून ठेवा. फ्रिज, हीटर, ऑनिंग (बाहेरचं छत), सोलर यांचे सिरियल नंबर लिहा. ओरखडे, पोचे, आतली दुरुस्ती यांचेही फोटो हवेत. चोरलेली गाडी नव्या प्लेटवर उभी असताना ती तुमचीच आहे हे अशाच गोष्टींवरून सिद्ध होतं.

इन्शुरन्सला यार्डाचा खरा पत्ता कळवा, यार्ड बदललं की लगेच कळवा. हिवाळ्यात रोड टॅक्स वाचवायला गाडी सॉर्नवर टाकली, म्हणजे ती रस्त्यावर आणणार नाही अशी सरकारदरबारी नोंद केली, तर कायद्याने विमा ठेवायची सक्ती नसते, म्हणून काही जण पॉलिसीच बंद करतात. तसं करू नका. उभ्या गाडीसाठी चोरी आणि आगीचं स्वस्त संरक्षण मिळतं.

यार्डाच्या करारात "गाडी मालकाच्या जबाबदारीवर" अशी ओळ हमखास असते. ती वाचून हात टेकू नका. कन्झ्युमर राइट्स अॅक्ट २०१५ प्रमाणे व्यावसायिकाला सेवा वाजवी काळजीने द्यावी लागते, आणि ती जबाबदारी एका ओळीने पूर्ण झटकता येत नाही. किल्ली त्यांच्या ताब्यात दिली होती की फक्त जागा भाड्याने घेतली होती, यावरही बरंच अवलंबून असतं. जाहिरातीत "चोवीस तास देखरेख" म्हटलं असेल तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. आम्ही काढला नव्हता, आणि नंतर ते पान बदललं.

गाडी गेलीच तर

ट्रॅकर सांगतोय की गाडी आत्ता हलते आहे, किंवा यार्डात माणसं दिसत आहेत: ९९९, तातडीचा नंबर. नंतर लक्षात आलं तर १०१ किंवा पोलिसांची वेबसाइट. क्राइम रेफरन्स नंबर (पोलिसांनी तक्रारीला दिलेला क्रमांक) घ्या, त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. ट्रॅकर कंपनीला तो नंबर द्या, पोलिसांशी बोलणं ते करतात. तुम्ही गाडीच्या मागे जाऊ नका.

त्याच दिवशी यार्डाला ईमेल करा की सीसीटीव्ही आणि गेटची नोंद पुसू नये. फोनवर बोललेलं कोणी लक्षात ठेवत नाही, ईमेल राहतं. समोरचं शेत, जवळचा पब, पेट्रोल पंप यांच्याकडे कॅमेरे असतात, त्यांनाही रेकॉर्डिंग जपून ठेवायची विनंती करा आणि नावं पोलिसांना द्या.

पहिले तीन-चार दिवस सर्वांत मोलाचे. गाडी जवळच कुठेतरी 'थंड' व्हायला सोडलेली असू शकते. मित्रमंडळींना, मंडळाच्या ग्रुपवर, मोटरहोम मालकांच्या गटांत फोटो पाठवा: रंग, टपावरची खूण, खिडकीवरचा स्टिकर. नंबर प्लेट बदललेली असेल हे आवर्जून सांगा. कोणाला दिसली तर जवळ न जाता पोलिसांना कळवायला सांगा.

डीव्हीएलएला, म्हणजे वाहननोंदणीच्या सरकारी कार्यालयाला, चोरीची माहिती पोलीस देतात. इन्शुरन्सने पैसे दिले की मात्र तुम्हाला स्वतः कळवावं लागतं. नंबर प्लेट खास पैसे देऊन घेतलेली असेल तर ती राखून ठेवायचा अर्ज त्याआधी करा.

नंतर काही आठवड्यांनी डार्टफर्ड क्रॉसिंगचा टोल न भरल्याचा दंड किंवा बसलेनचा दंड घरी येऊ शकतो. चिडून फाडू नका. तुमची प्लेट कुठल्या दिवशी कुठे दिसली याचा तो पुरावा आहे. पाकीट उघडून फोटो काढा, क्राइम रेफरन्स नंबर लिहून दंडाला हरकत घ्या आणि प्रत पोलिसांना पाठवा.

गाडी सापडली तर ती पोलिसांच्या ठेक्यावरच्या आवारात जाते. उचलून नेण्याचा आणि रोजच्या ठेवणावळीचा खर्च मालकाला लागतो, तो पॉलिसीत आहे का हे आधी विचारा. ताब्यात घेतल्यावर गॅस सिलिंडर बंद ठेवा आणि वायरिंग, गॅसची नळी, ब्रेक तपासून घेतल्याशिवाय ती गाडी घरापर्यंतसुद्धा चालवू नका.